आमची वाटचाल : म्हापशातला जॅझ गायनवर्ग

माझे वडील जत्रेतल्या नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. काळी दोन पट्टीत नाट्यपदं म्हणतच मी वाढले. मग जॅझकडे कशी वळलात, असं लोक विचारतात. गोव्यातल्याच हळदोण्याचे जॅझवादक चिक चॉकलेट संगीतकार सी. रामचंद्रांकडे ट्रंपेट वाजवायचे. हे दोन सूर एका घरात नांदतात, हे मला कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

1998 साली वर्ग काढला तेव्हा जवळ एक जुना अपराइट (उभा) पियानो, लय धरून टिकटिकणारा मेट्रोनोम आणि मायक्रोफोन एवढंच होतं. आपल्याकडच्या पावसात पियानो म्हणजे बाळंतीण. आत पंचवीस वॅटचा दिवा जळता ठेवायचा, तोही जुना तारेचा. एलईडीला पुरेशी ऊब नसते. दिवा आतल्या हातोड्यांच्या फेल्टला, म्हणजे लोकरी नमद्याला, टेकू द्यायचा नाही आणि पियानो बाहेरच्या भिंतीला कधीच लावायचा नाही.

नाट्यसंगीतात मुरलेल्या मुलांचा हात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पडतो. जॅझमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ते अंगात भिनावं म्हणून बारा बारच्या (चार-चार मात्रांच्या बारा खंडांच्या) ब्लूजवर मराठी अक्षरांचे चाळीस धडे मी स्वतः रचले. पियानोवर माझा भागीदार बसायचा. डावा हात त्याच्यासारखा मी पुन्हा ऐकला नाही, हे आजही म्हणते. 2009 च्या जूनमध्ये त्याने दोन गल्ल्या सोडून स्वतःचा वर्ग उघडला. एकतीस विद्यार्थ्यांतले तेवीस तिकडे गेले. माझ्या धड्यांच्या झेरॉक्स प्रती तिथे वाटल्या गेल्या, वर नाव त्याचं. स्वरलिपी कागदावर उतरली की हक्क रचनाकाराचा होतो, नोंदणी लागत नाही. पण आधी कुणी लिहिलं हे दाखवावं लागतं. भागीदारीचा करार करा. सख्ख्या भावाशीही करा.

त्या ऑगस्टमध्ये पियानोचे सूर उतरले होते, भाडं तीन महिने थकलं होतं. तरी गुरुवारी थिवीहून बसने येणारे निवृत्त पोस्टमास्तर यायचेच. छत्री दाराशी टेकवून विचारायचे, "बाई, आज टाळी दोनावर ना?" गाताना पट्टी उतरायची त्यांची, पण गुरुवार चुकला नाही. पुढच्या सहा महिन्यांची फी त्यांनी एकदम हातावर ठेवली आणि वर्ग तगला.

पुढची अकरा वर्षं बरी गेली. 2020 मध्ये शिकवणी फोनवर आली. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र गाणं जमेना. पोस्टमास्तरांनी शिकणं थांबवलं आणि आपली वही माझ्याकडे पाठवली. प्रत्येक धड्यावर, शिक्का मारावा तशी, कोपऱ्यात तारीख. पहिल्या पानावर माझं नाव आणि खाली 8 जुलै 2004, गुरुवार.