ऋषिपंचमीची रात्र

गुरुवार, २८ ऑगस्ट २०२५. गिरगाव.

दीड दिवसाचे गणपती आत्ताच पोचवून आलो. मखर रिकामं बघवत नाही. झोपही येत नाही, म्हणून लिहायला बसले.

काल पहाटे लेकीने बाथरूममधून हाक मारली तेव्हाच मी समजले. चौदावं चालू आहे तिला. बाहेर आली ती रडवेली होऊन. "तरी मी तुला म्हटलं होतं, ती गोळी दे म्हणून."

मागितली होती खरी, श्रावणातच. शिकली माझ्याकडूनच. लग्न झाल्यापासून गणपतीत तारीख आली की मी पाळी पुढे ढकलत आले. नॉरएथिस्टेरॉन. तारखेच्या तीन दिवस आधीपासून, दिवसातून तीनदा. मळमळतंय, छाती जड झालीय, डोकं ठणकतंय आणि मी मोदकांना कळ्या पाडतेय. डॉक्टरांना एकदाही विचारलं नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्या बाईने ही गोळी घेऊ नये, हे मला फार उशिरा कळलं. आरतीला उभं राहता यावं म्हणून तेच औषध या पोरीच्या पोटात घालायचं? नाही दिली. तरी काल तिचं तोंड बघून क्षणभर वाटलं, द्यायला हवी होती. आरतीच्या वेळी ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि मी तिला आत बोलावलं नाही. ते मला अजून सलतंय.

पॅड आणायला खाली गेले, तर केमिस्टने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. २०१८ च्या जूनमध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा काळी पिशवी गेली. पुढच्याच महिन्यात पॅडवरचा १२ टक्के जीएसटीही गेला. गुंडाळणं तेवढं राहिलं.

आज सासूबाईंचा ऋषिपंचमीचा उपास. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून सकाळपासून अळू, लाल माठ, सुरण घेऊन विळीवर बसल्या होत्या. लेक जवळ जाऊन बसली. "आजी, हा उपास कशासाठी गं?"

त्यांनी कहाणी सांगितली. बाईने विटाळ पाळला नाही, म्हणून पुढच्या जन्मी ती कुत्री झाली, नवरा बैल झाला, आणि दोघं मुलाच्याच दारात आले. पोर गप्प. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी पण?"

सासूबाईंचा हात थांबला. बराच वेळ त्या माठाची जुडी नुसती धरून बसल्या. मग भलतंच बोलायला लागल्या. "मी या चाळीत आले तेव्हा दोन खोल्यांत नऊ माणसं. बाजूला बसायचं म्हणजे गॅलरीत, जिन्याच्या तोंडाशी. ताट-तांब्या वेगळा. येणारा-जाणारा बघून जायचा. फडकी धुवून परकराखाली वाळत घालायची, कुणाला दिसायला नकोत. पावसाळ्यात वाळायचीच नाहीत. तशीच ओली घ्यायचे. मांड्या सोलवटून निघायच्या."

सोळा वर्षांत मला हे कधी सांगितलं नव्हतं त्यांनी. नातीला सांगितलं. तिने पुढ्यातली चिरलेली भाजी उचलून धुवायला घेतली. सासूबाई "नको" म्हणाल्या नाहीत. उपासाची भाजी होती ती.

संध्याकाळी चौपाटीवरच्या कृत्रिम तलावात मूर्ती दिली. पाटावर मूठभर वाळू घेतली आणि तो पाट लेकीने उचलला. मी काही बोलले नाही, छाती मात्र धडधडत होती. दारात सासूबाई उभ्या. त्यांनी पाटाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"पाय पूस आधी, घसरशील," म्हणाल्या. "आणि देव्हाऱ्यासमोर ठेव. तिथेच ठेवतात तो."