रात्रीचे दोन तास

जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये मी हिशेब लिहिते, साडेनऊ ते साडेसहा. खणाच्या कापडाचे कानातले करायला लागून चार वर्षं झाली. मैत्रिणीच्या लग्नात उरलेल्या खणातून तिला एक जोडी करून दिली आणि हळदीच्या दिवशीच सहा जणींनी मागितली. तेव्हापासून जेवणं आटोपली की नऊ ते अकरा माझे.

पहिलं वर्षभर मी दर चुकीचा लावला. खण, पुठ्ठा, मणी, हुक, डबी मिळून ४२ रुपये, म्हणून विक्री ८० ला. ३८ सुटले असं वाटायचं. एका रविवारी घड्याळ समोर ठेवून बसले. खणाची बुट्टी बरोबर मधोमध येईल असा गोल कापायचा, पुठ्ठ्यावर ताणून बसवायचा, मागून फेल्टचं जाड कापड लावायचं, मग कडेने एकेक मणी टाचायचा. एका जोडीला ५० मिनिटं! मिलमध्ये पोत्यामागची हमाली मी वेगळी लिहिते, आणि घरी स्वतःच्या हाताची मजुरी कुठेच धरली नव्हती. दर १५० केला. तीन जुनी गिऱ्हाइकं तुटली, त्याचं वाईट वाटलं. पण तो दर मी खाली आणला नाही.

खरा फटका आखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, बसला. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्यामुळे मागणी मोठी. ४० जोड्या पाठवल्या. पारा ४४ वर होता. धुळ्याहून एका मावशींचा फोन आला, "हाई तर निंघी गयं वं!" ग्लू गनचा गोंद उन्हात तापलेल्या पार्सलमध्ये मऊ पडला होता, मागची फेल्ट सुटून हुक हातात आले होते. ज्यांच्या जोड्या सुटल्या त्यांचे पैसे परत केले. पुढे फेल्ट दोऱ्याने शिवायला लागले, हुकाला अ‍ॅरल्डाइट लावून २४ तास हलवत नाही. नवीन नमुना आला की एक जोडी भर दुपारी स्कूटीच्या डिकीत ठेवते. संध्याकाळी ती धड निघाली तरच विकायला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. आधी नेमणुकीचं पत्र नीट वाचलं, मग शेठना सांगितलं आणि लेखी होकार घेतला. तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर परवानगी आधी, धंदा नंतर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर फुकट होते; माझ्याकडे एकाने त्याचे ८०० मागितले होते, मी घरी बसून केली. आणि पगारासोबत धंद्याचं उत्पन्नही प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. तिथे आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही.

मार्चमध्ये मिलचं वर्ष बंद होतं, त्या महिन्यात मी एकही ऑर्डर घेत नाही. आखाजीचा माल फेब्रुवारीतच कापून, शिवून ठेवते. गिऱ्हाइकांना तसं आधी सांगितलं की ती थांबतात.

आता मणी टाचायला सासूबाई बसतात. चष्मा लावून, चिमणीएवढ्या आवाजात ओव्या म्हणत. जोडीमागे २५ रुपये मी वहीत त्यांच्या नावावर मांडते. त्या नको म्हणतात. मी मांडतेच.