मिक्सर आला, तरी पिठाला हात लावायचाच

रविवार, रात्री उशिरा

स्टँड मिक्सर (ओट्यावर ठेवून पीठ मळायचं, फेटायचं मशीन) घरी येऊन आज आठ दिवस झाले आणि आज पहिल्यांदा पाव मनासारखा झाला, म्हणून झोपायच्या आधी लिहून काढतेय, नाहीतर चार दिवसांनी नेमकं काय केलं होतं ते आठवायचं नाही.

स्टँड मिक्सर घ्यायचं दोन वर्षं मनात होतं. उजवं मनगट दुखायला लागल्यापासून पावाचं पीठ मळणं आठवड्यातून दोनदा होतं ते महिन्यातून एकदावर आलं, आणि मला मळायला मनापासून आवडतं, त्यामुळे दुखण्यापेक्षा ते सुटत चाललंय याचंच जास्त वाईट वाटायचं.

पहिल्या दिवशी फक्त धुणं-पुसणं केलं. हुक (पीठ मळायचा आकडा) आणि पॅडल (फेटायचं चपटं पातं) कोमट पाण्यात साबणाने घासले तरी फडक्याला करडा रंग लागत होता, तो लागायचा थांबेपर्यंत तीनदा धुतले. चकचकीत अॅल्युमिनियमचे पार्ट डिशवॉशरमध्ये घातले की काळपट पडतात, म्हणून हे कायम हातानेच धुणार. मग बाऊल लावून नुसता रिकामाच हळू स्पीडवर चालवून बघत बसले. पॅडल स्वतःभोवती एका दिशेला फिरतं आणि बाऊलभर त्याची जी फेरी होते ती उलट्या दिशेला, सूर्याभोवती ग्रह फिरावा तसं, म्हणून त्याला प्लॅनेटरी म्हणतात. हर्बर्ट जॉन्स्टन नावाच्या इंजिनिअरने १९०८ च्या सुमाराला एका बेकरला लोखंडी चमच्याने पीठ ढवळताना पाहिलं आणि तिथून ही कल्पना निघाली असं सांगतात. १९१९ मध्ये घरगुती मशीन आलं ते ६५ पौंडांचं, म्हणजे जवळपास २९ किलो! माझं त्यामानाने हलकं, तरी ओट्यावर एकदा ठेवलं ते ठेवलं, रोज उचलून कपाटात टाकायची वस्तू नाही ही.

पॅडल आणि बाऊलच्या तळातलं अंतर बघायची एक सोपी युक्ती आहे, ती सगळ्यांनी पहिल्याच दिवशी करावी असं मला वाटतं. रिकाम्या बाऊलमध्ये एक नाणं टाकायचं आणि सगळ्यात कमी स्पीडवर चालवायचं. पॅडलने येता-जाता नाणं जरासं सरकवलं तर ठीक. माझं नाणं जागचं हललंच नाही, म्हणजे पॅडल वर राहत होतं आणि तळाचं बटर तसंच राहिलं असतं. मिक्सरचं डोकं जिथे वर उचलतं त्या मानेजवळच्या बिजागरीपाशी स्क्रू असतो, तो थोडाथोडा फिरवत तीन-चार वेळा बघितलं तेव्हा जमलं. (फिरवताना प्लग काढून ठेवायचा.)

मंगळवारी पाव केला. ५०० ग्रॅम मैदा, ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, हे माझं हाताने मळायचं नेहमीचंच माप. हुक लावला, दोन नंबरवर ठेवला आणि बारा मिनिटं सोडून दिला, कारण हाताने मला पंधरा लागतात. गोळा हुकवर चढत गेला, मशीन ओट्यावर जरा जरा सरकायला लागलं, मी एका हाताने धरून उभी, आणि पीठ दिसायला इतकं गुळगुळीत की मी खूश. पाव मात्र दोन तासांऐवजी तासाभरातच फुगून वर आला आणि ओव्हनमध्ये पसरट झाला, चवीलाही फिका.

कारण बुधवारी कळलं. तसंच पीठ परत मळलं आणि थर्मामीटर खुपसला तर २९ डिग्री. हुकच्या घर्षणाने पीठ तापतं, आणि मला साधारण २४ ते २६ हवं असतं. हाताने मळताना पीठ कोमट व्हायला लागलं की तळव्याला कळायचं, मळणं आपोआप हळू व्हायचं. इथे मी घड्याळाकडे बघत होते. आई बाजूला उभी राहून बघत होती, ती म्हणाली, "अगं, बंद कर आणि हात लाव त्याला, लांबून बघून काय कळणार?" आणि तिने स्वतःच बोट दाबून पाहिलं, म्हणाली "गरम झालंय गं हे". थर्मामीटरने जे सांगितलं तेच.

शुक्रवारी केकसाठी बटर-साखर फेटली, तिथेही हाच धडा. बटर फार मऊ झालं असेल तर पॅडल कितीही फिरवा, हवा धरत नाही. साखरेचे कण बटरमध्ये बारीक बारीक हवेचे कप्पे करतात आणि बेकिंग पावडर तेच कप्पे फुगवते, नवीन तयार करत नाही, म्हणून ही पायरी नीट झालीच पाहिजे. बोटाने दाबलं की खळगा पडावा पण बोट तुपकट होऊ नये, १८ ते २० डिग्रीचं बटर तसं असतं. चार मिनिटं, मध्ये दोनदा बंद करून स्पॅच्युलाने कडा आणि तळ खरवडून घेतला, रंग पिवळ्याचा जवळजवळ पांढरा झाला. हाताने फेटून इतका फिका रंग मला कधीच आला नव्हता, खरंच सुंदर दिसत होतं ते.

आज मग पाणी फ्रीजमधलं घेतलं. मैदा आणि पाणी नुसतं एकत्र करून वीस मिनिटं झाकून ठेवलं, मग यीस्ट, मीठ घातलं आणि दोन नंबरवर फक्त सहा मिनिटं, तीही दोन-दोन मिनिटांनी थांबत. प्रत्येक वेळी हुकवरून पीठ खाली ओढलं आणि एक छोटा तुकडा घेऊन बोटांवर ताणून बघितला. पहिल्यांदा फाटला, दुसऱ्यांदा फाटला पण कडा गुळगुळीत, तिसऱ्यांदा इतका पातळ ताणला की पलीकडे बोटाच्या रेषा दिसल्या. तिथेच बंद केलं. थर्मामीटर २५ वर. शेवटची दोन-चार मिनिटं मी ओट्यावर हातानेच मळलं, तेवढ्याने मनगट दुखलं नाही.

पाव उंच झाला, कापला तेव्हा आतली जाळी मोकळी. आईने कडेचा तुकडा घेतला, मग न बोलता दुसराही घेतला.

उद्या व्हिस्क लावून अंड्याचा पांढरा भाग फेटायचाय. बाऊल आत्ताच परत धुवून ठेवलाय, बटरचा एक थेंब राहिला तरी फेस धरत नाही.