घरट्यात किती तास?

1982 साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाता या उपनगरात एक बालवाडी सुरू झाली. अशा बालवाडीला माओरीत, म्हणजे तिथल्या मूळनिवासींच्या भाषेत, 'कोहाङा रेओ' म्हणतात, म्हणजे भाषेचं घरटं. (मुळाक्षरं गिरवताना ज्या 'ङ'चा उपयोग काय असा प्रश्न प्रत्येकाला पडलेला असतो, तो इथे चपखल बसतो. माओरीत हा उच्चार पावलोपावली येतो.) उंबऱ्याच्या आत फक्त माओरी बोलायची, इंग्रजी बाहेर. तीन वर्षांत अशी घरटी तीनशेच्या वर गेली आणि 1993 मध्ये 809 घरट्यांत चौदा हजारांहून जास्त मुलं होती. भाषा वाचवायची म्हणून आज जगभर जे काही चालतं, त्यातलं बरंचसं या बालवाड्यांवरून उचललेलं आहे. म्हणून हा प्रयोग आतून कसा चालतो आणि कुठे गळतो, ते जरा तपशिलात.

आधी भाषा गेली कशी ते पाहू. 1867 च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी माध्यम आलं आणि पुढे शाळेत माओरी बोललं म्हणून मुलांनी मारही खाल्ला. तरी पुढची साठ-सत्तर वर्षं भाषा टिकून होती, कारण गाव माओरी, स्वयंपाकघर माओरी, मयत-लग्नं माओरी. खरी पडझड झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर लोक कामासाठी शहरात आले तेव्हा. सरकारी घरं वाटताना माओरी कुटुंबं मुद्दाम विखरून दिली गेली, गोऱ्यांच्या वस्तीत मधूनच एखादं. या धोरणाला तिथे मिरपूड भुरभुरण्याचीच उपमा दिली जाते. शेजारीण माओरी नाही, कोपऱ्यावरचा वाणी माओरी नाही, मुलांचे सवंगडी माओरी नाहीत. मग आईने मुलाशी माओरीत बोलायचं तरी कशाला? माझ्या मते शाळेतल्या छडीपेक्षा या घरवाटपानेच भाषेचं जास्त नुकसान केलं.

1970 च्या दशकात भाषा-संशोधक रिचर्ड बेंटन यांनी घरोघरी पाहणी केली तेव्हा अस्खलित बोलणारे सत्तर हजारांच्या आसपास निघाले. आकडा वाईट नाही, पण त्यांतले बहुतेक उतारवयाचे होते. ज्यांच्या कडेवर मुलं होती, त्या पिढीला भाषा येत नव्हती. म्हणून मधली पिढी ओलांडून आजीने थेट नातवंडाला भाषा द्यायची, असं ठरलं. घरट्याची सगळी रचना या एका अडचणीतून आलेली आहे.

मुलं तान्ही असल्यापासून पाच वर्षांपर्यंतची, आणि दिवसभर. इथे भाषा 'शिकवत' नाहीत, भाषेत मूल वाढवतात, हा फरक सुरुवातीला बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रंगांची नावं, आकडे, गाणी यांवर भर दिला की मूल वर्षभरात पाहुण्यांसमोर छान म्हणून दाखवतं, पण 'मला शी लागली' हे मात्र इंग्रजीत सांगतं. उलट हात धू, तोंड पूस, चप्पल सरळ घाल, त्याला ढकलू नकोस, अजून हवंय का, ही वाक्यं दिवसातून चार-पाच वेळा आणि प्रत्यक्ष कृतीबरोबर कानावर पडतात. म्हणून घरट्यात सर्वांत मोलाची वेळ म्हणजे जेवणाची आणि लंगोट बदलण्याची.

नवीन मूल पहिले काही महिने सगळं समजून इंग्रजीतच उत्तर देतं. ते चालू द्यायचं. त्याने इंग्रजीत पाणी मागितलं तर दटावायचं नाही आणि न कळल्याचं नाटकही करायचं नाही. 'पाणी हवंय होय तुला? हे घे पाणी,' असं त्याचंच वाक्य माओरीत परत करून पुढे जायचं. दटावलं की मूल गप्प होतं, आणि गप्प मुलाकडून कुठलीच भाषा येत नाही. दुसरी चूक याहून जास्त घडते: आधी माओरीत सांगायचं आणि लगेच तेच इंग्रजीत. चार दिवसांत मूल ओळखतं की सोपं वाक्य मागाहून येणारच आहे, आणि पहिल्याकडे कान द्यायचं सोडून देतं.

पण सगळ्यात मोठी गळती मोठ्यांकडूनच होते. मुलांशी माओरी, आणि भाजी चिरता चिरता एकमेकींशी इंग्रजी. किंवा न्यायला आलेले वडील दारातच इंग्रजीत सुरू होतात. मुलांना यातून पक्कं कळतं की ही भाषा लहानांशी बोलायची असते, मोठं झालं की सुटका. त्यामुळे आईबापांना भाषा शिकवल्याशिवाय घरटं फार काळ तग धरत नाही. हवाईत 1984 मध्ये याच धर्तीवर हवाईयन भाषेच्या 'पूनाना लेओ' बालवाड्या सुरू झाल्या, तेव्हा पालकांनी स्वतः भाषा शिकणं ही प्रवेशाची अटच होती.

मोठ्यांसाठी माओरींकडे आधीपासून एक साधन होतं. 1979 साली काटेरिना माताइरा आणि ङोइ पेफाइरांगी यांनी 'ते आताआरांगी' ही पद्धत उभी केली. साहित्य म्हणजे रंगीत लाकडी कांड्यांची एक पेटी. कांड्या दहा लांबीच्या, 1 सेंटीमीटरपासून 10 सेंटीमीटरपर्यंत, प्रत्येक लांबीचा रंग वेगळा. मुळात ही गणित शिकवायची वस्तू. शिकवणारी बाई लाल कांडी उचलते आणि म्हणते, 'हे राकाउ फेरो', एक लाल कांडी. सगळे म्हणतात. मग हात पुढे करून, 'होमाइ ते राकाउ फेरो', लाल कांडी मला दे. समोरचा देतो. मग तीच कांडी तिसऱ्याला द्यायला लावते, तेव्हा 'होमाइ' चालत नाही, 'होआतु' लागतं: माझ्याकडे देणं वेगळं, माझ्यापासून दूर देणं वेगळं. व्याकरणाचा एक शब्द न उच्चारता दिशेचा फरक हाताला कळून जातो. वही-पेन्सिल नाही आणि इंग्रजी अजिबात नाही. आणखी एक नियम मला फार आवडतो: ज्याची पाळी आहे तो अडला तरी बाकीच्यांनी उत्तर सुचवायचं नाही. पन्नाशीच्या माणसाला स्वतःच्या आजीची भाषा येत नसल्याची लाज असते. पाच जण एकदम उत्तर ओरडले की तो पुढच्या आठवड्यात येत नाही.

घरट्याची दुसरी आवृत्ती पाहायची तर फिनलंडच्या उत्तर टोकाला इनारी तळ्याकाठी जावं लागेल. तिथल्या सामी मूळनिवासींची इनारी सामी भाषा बोलणारे चारशेच्या आसपास. 1997 मध्ये माओरींच्या वळणावर तिथे घरटं उघडलं. ते चाललंही, पण काही वर्षांत अडलं ते माणसांपाशी. आजीआजोबा थकले होते आणि वीस ते पन्नास वयाच्या लोकांत बालवाडीत किंवा शाळेत उभं राहून ही भाषा बोलेल असं कोणी उरलं नव्हतं. पैसा मिळवता येतो, पण अशी माणसं तयार व्हायला वेळ लागतो. मग 2009 मध्ये 17 प्रौढांना एक वर्षभर पूर्णवेळ भाषेला बसवलं. निवडतानाच शिक्षक, पाळणाघरातले कर्मचारी, पत्रकार अशी, ज्यांच्या रोजच्या कामात भाषा लागेल, अशी माणसं घेतली. नुसत्या हौशी लोकांना घेतलं असतं तर वर्षअखेर प्रमाणपत्रं तेवढी उरली असती. सुरुवातीला वर्ग, आणि पुढे एकेकाने म्हाताऱ्या भाषिकाच्या घरी जाऊन त्याच्याबरोबर काम करायचं, मग ते मासे साफ करणं असो की स्वयंपाक. ही गुरू-शिष्य पद्धत कॅलिफोर्नियातल्या मूळनिवासींसाठी भाषाशास्त्रज्ञ लिअॅन हिंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात बसवली होती, आठवड्याला 10 ते 20 तास आणि साधारण तीन वर्षं अशा मापाने. इनारीत त्या वर्षानंतर लगेच दुसरं घरटं उघडता आलं.

माओरी घरट्यांचा आकडा 1993 नंतर मात्र उतरत गेला. घरट्यातून बाहेर पडलेलं पाच वर्षांचं मूल इंग्रजी शाळेत गेलं की काही महिन्यांत जिभेवरची माओरी जाते. हे लक्षात आल्यावर पालकांनी 1985 मध्ये ऑकलंडला पहिली पूर्ण माओरी शाळा स्वतःच काढली, पण शाळांची संख्या घरट्यांच्या बरोबरीने कधीच वाढली नाही. दुसरं कारण कागदी आहे. 1990 मध्ये घरटी माओरी खात्याकडून शिक्षण खात्याकडे गेली आणि इतर बालवाड्यांचे निकष त्यांना लागू झाले. शिक्षिकेची पदवी बघून अनुदान ठरायला लागलं, की जिच्या तोंडी भाषा आहे ती अंगठाबहाद्दर आजी कागदावर शून्य होते. माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाने 2012 मध्ये या प्रकरणी सरकारलाच दोष दिला.

नव्या शब्दांचा प्रश्न लोक फार मोठा समजतात, तो तसा नाही. माओरीत संगणकाला 'रोरोहिको' म्हणतात, मेंदू आणि वीज हे दोन शब्द जोडून. मुलं आठवड्यात उचलतात. लिहिण्यात मात्र एक बारीक खोच आहे: स्वरावरची दीर्घत्वाची आडवी रेघ विसरली की गडबड. ऱ्हस्व 'केके' म्हणजे केक, दोन्ही 'के' दीर्घ असले की काख. मराठीच्या देवनागरीत 'ए'साठी तर ही सोयच नाही.

आता आपल्याकडे. भाषा गिळणारी मोठी भाषा म्हटलं की आपल्याला इंग्रजी दिसते, पण मेळघाटात ती जागा मराठीची आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. तिथलं पोर सहाव्या वर्षी आश्रमशाळेत जातं, मराठीत शिकतं, वसतिगृहात राहतं आणि होळीला घरी येतं. इनारीतल्या मुलांचंही निवासी शाळांनी हेच केलं होतं. जळगाव जामोदकडच्या निहालीची अवस्था याहून नाजूक, बोलणारे दोन-अडीच हजार आणि तिचं कुळही धड लागत नाही. तिथे घरटं काढायचं तर पहिला प्रश्न इमारतीचा नसतो. दिवसभर पोरांत बसणाऱ्या दोन आज्या मानधनावर मिळतील का, आणि सातवी शिकलेल्या नसल्या तरी त्यांचं बिल पास होईल का, हा असतो.

आणि परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळा. तिथे जीव ओतणारे लोक असतात, पण गणित मांडून बघा. दोन तासांचा वर्ग, वर्षाला तीस रविवार, म्हणजे 60 तास. घरट्यात रोज आठ तास, पाच दिवस, 45 आठवडे: 1800. एवढे तास देणं बहुतेक घरांना जमणार नाही. पण आंघोळ, जेवण आणि झोपवणं एवढं जरी रोज मराठीत झालं, तरी दिवसाला दोन तास धरून वर्षाचे सातशेच्या वर होतात, म्हणजे रविवारच्या बारापट. अट तीच, स्वयंपाकघरातली: आईबाबांनी ताटावर आपसात इंग्रजीत बोलायचं नाही. आणि आजीचा व्हिडिओ कॉल आला की 'आजीशी मराठीत बोल ना' असं म्हणून मुलाला कॅमेऱ्यासमोर उभं करू नये, ते 'बरी आहे' म्हणून पळतं. त्याच्या हातात पोह्याची चाळण द्यावी, फोन ओट्यावर टेकवावा आणि पोहे किती भिजवायचे ते आजीलाच विचारायला सांगावं.