धर्मांचा नकाशा वाचताना

जगाच्या धर्मनकाशात एका देशाला एकच रंग दिलेला असतो आणि गफलत तिथूनच सुरू होते. भारत हिंदूंच्या रंगात रंगतो. २०११ च्या जनगणनेतले १७.२२ कोटी मुस्लिम त्याखाली दिसेनासे होतात. इंडोनेशियात तसंच, मुस्लिमांच्या रंगात हिंदुबहुल बाली बुडून जातं. म्हणून नकाशा प्रांत किंवा जिल्हा पातळीवरचाच घ्या. शेजारी लोकसंख्येच्या घनतेचा नकाशाही ठेवा. नाहीतर विरळ वस्तीचा सायबेरिया डोळ्यांत भरतो आणि माणसांनी गच्च भरलेलं जावा बेट सुटून जातं.

वर्गीकरणाची रूढ रीत म्हणजे प्रसारशील धर्म (बौद्ध, ख्रिस्ती, इस्लाम) आणि वांशिक, म्हणजे एका समाजाशी बांधलेले धर्म (ज्यू, जपानचा पारंपरिक शिंतो). पहिले धर्मांतरातून, व्यापारी मार्गांनी पसरले. दुसरे मुख्यतः माणसांच्या स्थलांतराबरोबर. मॉरिशस आणि फिजीत हिंदू धर्म असाच, गिरमिटिया (करारावर परदेशी नेलेल्या) मजुरांबरोबर पोचला.

खरी कसोटी जपानमध्ये लागते. तिथे शिंतो आणि बौद्ध संस्था आपापले अनुयायी मोजतात आणि बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते, कारण तोच माणूस दोन्हीकडे असतो. अशा आकड्यांचा पाय चार्ट काढूच नये. प्रत्येक धर्माचा स्तंभ वेगळा काढा.