नोकरी सांभाळून थिसिस पूर्ण केला, गोल कसे ठरवले त्याचा माझा अनुभव

नोकरी करत थिसिस लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, "यंदा काहीही झालं तरी सबमिट करायचाच" हे ठरलेलंच असतं. माझंही ठरलेलं होतं. गोल होता, डेडलाइन होती, गाईडचा तगादा होता, आणि तरी संध्याकाळी कामावरून येऊन लॅपटॉप उघडला की आता नेमकं काय करायचं यातच बराच वेळ जायचा, मग एखादा रिसर्च पेपर उघडायचा, त्यातून दुसरा, आणि झोपायच्या वेळेपर्यंत फाईलमध्ये एक ओळ वाढलेली नसायची. आळस म्हणाल तर तो नव्हता, बसायचे मी रोजच. घोडं दुसरीकडेच अडत होतं, आणि कुठे ते कळल्यावर काम हललं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

माझा विषय मानसशास्त्राच्या जवळचा, त्यामुळे गोल सेटिंगवरचं, म्हणजे ध्येय कसं ठरवावं यावरचं, संशोधन वाचण्यात आलं. यात एडविन लॉक आणि गॅरी लेथम ही दोन मोठी नावं, लॉकचा गाजलेला पेपर १९६८ चा. त्यांचं म्हणणं असं की "जमेल तेवढं चांगलं कर" असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमकं आणि जरा अवघड टार्गेट दिलेला माणूस जास्त काम करतो, फक्त ते टार्गेट त्याला मनापासून पटलेलं हवं आणि आपण कुठवर आलोय हे त्याला दिसत राहायला हवं. लेथमचा १९७५ चा लाकूड वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचा अभ्यास मला फार आवडतो. कायद्याने जेवढं वजन चालतं त्याच्या साधारण ६०% च माल ते भरायचे, त्यांना ९४% चं टार्गेट दिलं आणि काही महिन्यांत भरणा ९०% च्या आसपास गेला. पगार वाढवला नव्हता, ट्रकही तेच. आधी नुसतं "भरपूर भरा" होतं, आता आकडा होता एवढाच फरक.

आता "यंदा सबमिट" हेसुद्धा नेमकंच आहे की, तारीखही आहे, मग काम का हलत नव्हतं? याचं उत्तर मला अल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक या मानसशास्त्रज्ञांच्या १९८१ च्या प्रयोगात मिळालं. गणितात कच्ची आणि गणिताचा कंटाळा असलेली मुलं घेतली, सगळ्यांना वजाबाकीची तीच ४२ पानं दिली. एका गटाला सांगितलं सात बैठकांत ४२ पानं संपवा, दुसऱ्याला सांगितलं दर बैठकीला ६ पानं करा. हिशोब तोच! पण ६ पानांवाली मुलं पुढे गेली, त्यांची वजाबाकी जास्त सुधारली आणि विशेष म्हणजे त्यांना गणितात गोडी वाटायला लागली. माझ्याकडे ४२ पानं होती, ६ पानं नव्हती. आज रात्री मी जिंकले की हरले हे कळायची सोयच नव्हती, कारण वर्षाच्या गोलपुढे कुठलीही एक रात्र चिल्लरच वाटते.

मग मी रोजच्या बसण्याला गोल द्यायला सुरुवात केली आणि तो इतका बारीक की वाचून दुसऱ्याला हसू येईल. "चॅप्टर तीनवर काम" असं लिहायचं नाही. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते: "जेवणानंतर भांडी आवरली की टेबलापाशी बसायचं, मोबाईल बाहेरच्या खोलीत, दुसऱ्या तक्त्याखालचा परिच्छेद लिहायचा, पुरुष आणि स्त्रियांच्या उत्तरांत फरक कुठे दिसतो एवढंच." यातला पहिला अर्धा भाग, म्हणजे अमुक झालं की तमुक करायचं, ही मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची कल्पना आहे, आणि २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हाही अशा "झालं की करायचं" प्लॅनचा चांगला परिणाम दिसला होता. मला तर त्याचा फायदा असा झाला की बसू की नको हा रोजचा वाद संपला, भांडी आवरली की पाय आपोआप टेबलाकडे वळायला लागले. परिच्छेद झाला की नोंदीवर काट मारायची आणि खाली लगेच उद्याची नोंद, म्हणजे उद्या उघडल्यावर विचार करत बसायला नको.

सगळ्याच कामांना हे लागू पडत नाही हे मात्र सांगितलंच पाहिजे. आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकायचं होतं तेव्हा "आज तीन तक्ते काढायचे" असे गोल लावले की नुसती चिडचिड व्हायची. यावरही संशोधन आहे, काम नवीन आणि गुंतागुंतीचं असलं की आकड्याचं टार्गेट उलट डोक्याला ओझं होतं, तिथे शिकण्याचा गोल ठेवावा. म्हणून तेवढे दिवस "हा एक तक्ता काढायच्या दोन पद्धती समजून घ्यायच्या" असे गोल ठेवले, हात बसल्यावरच आकड्यांकडे आले.

दुसरी गोष्ट वेळेच्या अंदाजाची. १९९४ चा एक अभ्यास थिसिस करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीला चिकटवावा असा आहे. विद्यार्थ्यांना विचारलं तुमचा थिसिस किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस, लागले ५५ च्या वर. आणि सगळंच बिनसलं तर किती लागतील या प्रश्नाचं उत्तर होतं जेमतेम ४९, म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. हे वाचल्यावर मी प्रत्येक चॅप्टरला वाटलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ धरला आणि गाईडना तीच तारीख सांगितली. तारखा पाळल्या गेल्या तसा त्यांचा तगादाही कमी झाला, ड्राफ्टवर निवांत चर्चा व्हायला लागली, आणि मला विचाराल तर थिसिस सुधारला तो त्या चर्चांमुळेच.

आणि हो, एखादा दिवस हुकला तर काय करायचं हे बरेच जण विचारतात. पाहुणे येतात, तब्येत बिघडते, कामावर उशीर होतो, हे होणारच. मी एकच नियम ठेवला होता, कालचं राहिलेलं आजच्या डोक्यावर चढवायचं नाही, आजच्या जागी कालचीच नोंद करायची आणि पुढचं सगळं एक दिवस सरकवायचं. दुप्पट वेळ आधीच धरलेला असल्यामुळे ते सरकवणं परवडायचं.