बुकमार्क गेले नव्हते, प्रोफाइल बदललं होतं

विंडोजवरचं ३२ बिटचं फायरफॉक्स काढून ६४ बिटचं टाकलं. उघडून पाहतो तर एकही बुकमार्क नाही. कंट्रोल-शिफ्ट-बी दाबल्यावर बुकमार्कची पट्टी आली, पण कोरी. कंट्रोल-शिफ्ट-ओने उघडणारी लायब्ररीही रिकामी. म्हणजे नुसती पट्टी लपली होती, असं नव्हतं.

बुकमार्क, पासवर्ड वगैरे आपलं सगळं ज्या फोल्डरमध्ये साठतं, त्याला प्रोफाइल म्हणतात. फायरफॉक्स काढलं तरी हे फोल्डर डिस्कवर तसंच राहतं. मात्र २०१९ मधल्या ६७व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं प्रोफाइल मिळतं. ३२ आणि ६४ बिटचं फायरफॉक्स वेगवेगळ्या फोल्डरांत बसतं, त्यामुळे ब्राउझरच्या लेखी हे दुसरंच इन्स्टॉलेशन.

अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट, कोलन, प्रोफाइल्स असं इंग्रजीत सलग टाइप केलं. दोन प्रोफाइल दिसली. प्रत्येकाच्या रूट डिरेक्टरीसमोरचं ओपन फोल्डर दाबून प्लेसेस डॉट एस्क्यूलाइट ही फाइल पाहिली. बुकमार्क आणि हिस्टरी तिच्यातच असतात. एकीवर आजची तारीख, दुसरी गेल्या आठवड्यातली आणि आकाराने कितीतरी मोठी. खात्रीसाठी शेजारचं बुकमार्कबॅकअप्स फोल्डर उघडलं. तिथल्या फाइलच्या नावात तारीख आणि तिच्यापुढे बुकमार्कची संख्या असते. ८१४ हा आकडा दिसला आणि जीव भांड्यात पडला.

इथे घाई नडते. नव्या प्रोफाइलमध्येही काही बुकमार्क साठले होते. ते आधी लायब्ररीतल्या इम्पोर्ट अँड बॅकअपमधून एचटीएमएल फाइलमध्ये काढून ठेवले. मग जुन्या प्रोफाइलखालचं सेट अ‍ॅज डीफॉल्ट प्रोफाइल दाबलं आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडला. बुकमार्क, पासवर्ड, सगळं जागच्या जागी. शेवटी ती एचटीएमएल फाइल इम्पोर्ट केली. इम्पोर्टने आहे त्यात भर पडते. रिस्टोर मात्र आहेत ते सगळे बुकमार्क काढून त्या जागी बॅकअपमधले आणतं. हे दोन्ही पर्याय एकाच मेनूत आहेत, म्हणून नीट वाचूनच क्लिक करा.

जुनं प्रोफाइल उघडूनही यादी कोरीच राहिली, तर प्लेसेसची फाइल बिघडलेली असू शकते. तेव्हा त्याच मेनूतून रिस्टोरमधली हवी ती तारीख निवडायची. पण त्याआधी बुकमार्कबॅकअप्स फोल्डरची प्रत दुसरीकडे करून ठेवा. फायरफॉक्स साधारण १५ बॅकअपच ठेवतं, नवे आले की जुने जातात.

रिकामं प्रोफाइल काढताना फाइलीही पुसायच्या का, असं विचारलं जातं. मी तूर्त डोन्ट डिलीट फाइल्स निवडलं.